आमच्या करपलेल्या जांभळाला चांगले मार्क पडले त्याचं काय

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत जांभूळ आणि केळीच्या सालीवर लेख आला होता, फळांतून अँटीऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनने होणारी खराबी थांबवणारे पदार्थ, काढा आणि घरबसल्या कमवा अशा धर्तीचा, तो आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सात वाजेपर्यंत चार वेळा येऊन पडला आणि चारही वेळा त्याखाली हसून हसून डोळ्यात पाणी आलेले इमोजी, कारण आम्ही हे सगळं आधीच करून बसलोय आणि त्याचा हप्ता अजून भरतोय. लेख लिहिणाऱ्याला नावं ठेवायला हे पत्र लिहित नाहीये, त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंचसं खरंच आहे. पण जे लिहिलं नाही त्याच्यातच आमचे पैसे गेले, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी चोपडा तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, पण त्याला २० वर्षं झाली, नंतर लग्न, केळी, पोरं, सासूबाईंचं आजारपण, डिग्रीचं सर्टिफिकेट लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली. गटात आम्ही ११ जणी. पापड, कुरडया, केळीचे वेफर्स हे चालूच होतं. पावसाच्या तोंडावर वरच्या पाड्यांवरून पावरा बाया जांभळाच्या टोपल्या घेऊन उतरतात, बाजारात दुपारपर्यंत भाव असतो, संध्याकाळी जे उरलं ते मातीमोल, कारण जांभूळ दुसऱ्या दिवशी रस सोडतं. हे डोळ्यांना दिसत होतं म्हणूनच तो कृषी प्रदर्शनातला माणूस बोलायला लागला तेव्हा आम्ही ऐकत उभ्या राहिलो.

त्याच्याकडे मशीन होतं, चकचकीत टाकी, त्याला घड्याळासारखा मीटर. म्हणाला ताई, जांभळात पाणी टाका, उकळा, आटवा, वाळवा, पावडर तयार, परदेशात किलोला हजारो रुपये भाव. माझ्यातली केमिस्ट्री थोडी कुरकुरली होती तेव्हा, खोटं कशाला बोलू, पण ११ जणींत एकटीने नको म्हणायचं तर घरी जाऊन सगळ्यांच्या सासवांचे टोमणे मीच ऐकले असते. १ लाख ४० हजाराला मशीन घेतलं, बँकेचं कर्ज काढून.

पहिल्या खेपेला ४० किलो जांभूळ लावलं. बोअरचं पाणी ओतलं, कुकरमध्ये ज्या पाण्याने पांढरा थर बसतो तेच जड पाणी. दोन तास उकळलं. पहिला अर्धा तास काय सुंदर रंग होता, जांभळा फेस वर आला तसे आम्ही फोटो काढले, ते फोटो अजून ग्रुपच्या डीपीला आहेत. मग रंग मावळत गेला, तपकिरी झाला, आणि खालच्या पाइपातून जेव्हा काढलं तेव्हा काळंशार. आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आक्का, त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "व माय, हाई ते शाई व्हई गई!"

आक्का शाळेत गेल्या नाहीत पण त्यांनी जे म्हटलं ते केमिस्ट्रीत अगदी बरोबर होतं. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करायचे, हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तो तुरट पदार्थ, आणि हिराकसातलं लोखंड भेटलं की काळं होतं. जांभळाच्या बीत, सालीत टॅनिन भरपूर, आणि आमच्या चकचकीत मशीनची टाकी तेवढी स्टीलची, आतला पाइप आणि व्हॉल्व्ह साधं लोखंड, ते आम्ही नंतर उघडून पाहिलं तेव्हा गंजलेलं. म्हणजे १ लाख ४० हजारात आम्ही शाईचा कारखाना टाकला होता.

तो काळा काढा ट्रेमध्ये वाळवला तर वाळेचना. वरून कोरडा वाटायचा, हात लावला की गुळाच्या ढेपेसारखा चिकट, आणि पावसाळी हवा लागली की पुन्हा पाझरायचा. यालाही कारण आहे आणि ते लेखात यायला हवं होतं. फळाच्या अर्कात अँटीऑक्सिडंट असतो चिमूटभर आणि साखर असते मूठभर. ही फळातली साखर हवेतलं पाणी ओढते. म्हणून मोठ्या कारखान्यात अर्कात आधी माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात, ते मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून करतात, आणि मग गरम हवेत फवारून क्षणात कोरडं करतात, स्प्रे ड्राइंग म्हणतात त्याला. नाहीतर रेझिनच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या बारीक मण्यांच्या, खांबातून अर्क जाऊ देतात, रंग आणि पॉलिफेनॉल, म्हणजे टॅनिनच्या घराण्यातले अँटीऑक्सिडंट, रेझिनला धरून राहतात, साखर पाण्याबरोबर वाहून जाते, आणि मग अल्कोहोलने रंग सोडवून घेतात. ट्रेवर पसरून उन्हात ठेवून पावडर होईल असं जो सांगतो त्याने एकदा स्वतः करून बघावं, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्या गच्चीवर.

तरी आम्ही हिंमत केली. एक खरेदीदार फोनवर मिळाला होता, तो म्हणाला आधी लॅबचा रिपोर्ट पाठवा. पुण्याला सॅम्पल पाठवलं, त्याचे वेगळे पैसे. रिपोर्ट आला आणि आम्ही सगळ्या खुश, कारण त्यात अँटीऑक्सिडंट ॲक्टिव्हिटी चांगली म्हणून लिहिलेलं होतं, एकूण फेनॉलचा आकडाही भरघोस. खरेदीदाराने मात्र एकच रकाना बघितला, अँथोसायनिन, म्हणजे जांभळाचा तो जांभळा रंग, किती, तर तिथे लिहिलेलं, आढळलं नाही. म्हणाला, ताई मला जांभळाचा रंग पाहिजे, तुमचा माल मी कशात वापरू. फोन ठेवला.

संपादक साहेब, माझं पत्र खरं तर इथून सुरू होतं. करपलेल्या, काळ्या पडलेल्या, लोखंडाने नासलेल्या मालाला चांगले मार्क कसे काय पडले? मी पुन्हा पुस्तकं काढली, पोरीच्या मोबाइलवर रात्र रात्र वाचलं. ही टेस्ट अशी असते की जांभळ्या रंगाचं एक द्रावण असतं, डीपीपीएच नावाचं, त्यात आपला अर्क टाकायचा, तो जांभळा रंग जितका उतरून पिवळट होईल तितका अर्क भारी, आणि ते मशीनवर ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशाला मोजतात. आता हा रंग जांभळाचा अर्कही उतरवतो, साधा चहाही उतरवतो, आणि साखर व प्रोटीन एकत्र तापून जो तपकिरीपणा येतो ना, भाकरीच्या पापुद्र्यावर, भाजलेल्या शेंगदाण्यावर, त्या तपकिरी पदार्थांनीसुद्धा उतरतो. एकूण फेनॉल मोजायची जी फोलिनची टेस्ट, तिच्यात तर साखर आणि व्हिटॅमिन सी पण आपला हात धुवून घेतात आणि आकडा फुगतो. म्हणजे आम्ही जितकं जास्त करपवलं असतं तितकं कदाचित रिपोर्टात भाव खाऊन गेलो असतो. असला आकडा पाकिटावर छापून लोक आज विकतायत आणि तुमच्या लेखात तोच आकडा, "जांभळात अमुक पट अँटीऑक्सिडंट" म्हणून, बॉक्समध्ये ठळक छापलाय.

अमेरिकेच्या कृषी खात्याने अशाच एका टेस्टचा, ओआरएसी म्हणतात तिला, फळाफळांच्या आकड्यांचा मोठा तक्ता वेबसाइटवर ठेवला होता. २०१२ मध्ये त्यांनीच तो काढून टाकला, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरायला लागल्या होत्या आणि काचनळीतल्या त्या आकड्याचा माणसाच्या शरीरात काय फायदा होतो याच्याशी संबंध लागत नव्हता. आपल्याकडे मात्र त्या तक्त्यातले आकडे अजून फॉरवर्ड होतायत.

अँटीऑक्सिडंट हा शब्दच मुळात औषधाच्या दुकानातला नाही. रबर, पेट्रोल, तेल यांच्या धंद्यात हवेतल्या ऑक्सिजनमुळे माल खराब होऊ नये म्हणून जे टाकायचे त्याला हा शब्द होता. आपल्या भाषेत सांगायचं तर खवटपणा थांबवणारं. आजही पॅकबंद तेलात टीबीएचक्यू नावाचं कृत्रिम अँटीऑक्सिडंट टाकायला परवानगी आहे, २०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत २०० भाग. आमचे वेफर्स महिन्याभरात खवट होतात, तिथे फळाच्या सालीचा अर्क चालला तर मला तो हवाच आहे, आणि यावर काम करण्यासारखं पण आहे. पण शरीर म्हणजे वेफर्सचं पाकीट नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, काहींना रोज २० मिलीग्रॅम बीटा कॅरोटिनची गोळी दिली, गाजर-आंब्यात असतं तेच, वाटलं होतं कॅन्सर कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग, १८,३१४ लोकांचा, नुकसान दिसायला लागलं म्हणून १९९६ मध्ये मधेच थांबवावा लागला. तेव्हा फळ खाणं वेगळं आणि त्यातली एक वस्तू उपसून गोळीत कोंबून खाणं वेगळं, एवढं तरी लेखात दोन ओळीत यायला हवं होतं.

आणि ते शुगरचं. जांभळाच्या बियांची पावडर आमच्याकडे घरोघरी आहे, आजेसासूपासून चालत आलेली, त्याला माझी काही हरकत नाही. पण आमच्या सासरकडच्या एका काकांनी यूट्यूबवर बघून पावडर चालू केली आणि डॉक्टरची गोळी बंद केली, दीड महिन्याने शुगर चारशेच्या वर जाऊन ॲडमिट. १९५४ चा कायदा आहे, जादुई उपायांच्या जाहिरातींवर बंदीचा, त्याच्या यादीत डायबेटिसचं नाव स्पष्ट आहे, म्हणजे अमुक खा आणि शुगर बरी होईल अशी जाहिरात करणं हा गुन्हाच आहे. तुमच्या पेपरात लेख पान ३ वर आणि तसलीच जाहिरात पान ७ वर, त्याच दिवशी, एवढं मी बघितलं. रागावू नका.

बरं, आता आम्ही काय चुकलो आणि काय केलं ते सांगते, कोणाला तरी उपयोग होईल.

दुसऱ्या वर्षी मी मशीनला हात लावला नाही. घरच्या किचनमध्ये दोन किलो जांभूळ घेतलं, हाताने बी वेगळं काढलं, कारण बी आणि गर यांचा स्वभाव वेगळा, रंग सगळा सालीत आणि गरात, बीत तुरट टॅनिन, एलॅजिक आणि गॅलिक ॲसिड, दोन्ही एकत्र उकळणं हीच पहिली चूक होती. स्टीलचं पातेलं, फिल्टरचं पाणी, त्यात लिंबूसत टाकून चांगलं आंबट केलेलं. गॅसवर ठेवलंच नाही, फक्त कोमट, बोट बुडवून सहन होईल एवढं, तासभर झाकून अंधारात. मग पातळ सुती फडक्यातून गाळलं. काय रंग आला साहेब, डाळिंबाच्या दाण्यासारखा लालभडक, आणि फ्रीजमध्ये दोन आठवडे तसाच राहिला. उकळलेल्यातला एक चमचा आणि हा एक चमचा शेजारी ठेवून मी गटात दाखवला तेव्हा सगळ्याजणी गप्प.

मग थोडी गंमत केली. तीन काचेच्या ग्लासात तोच रस, एकात लिंबू पिळलं, एकात काही नाही, एकात खाण्याचा सोडा. लिंबाचा लाल, मधला जांभळट, सोड्याचा निळा-हिरवा होऊन थोड्या वेळात पिवळट पडला. अँथोसायनिन आंबटात टिकतं, सोड्यात मरतं, एवढं बघितल्यावर बोअरच्या पाण्याने काय केलं ते कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. आक्का म्हणाल्या, म्हणजे आमसुलाच्या सारात सोडा टाकत नाही तसंच. तसंच.

आता खरं तर पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये हे पदार्थ जास्त चांगले सुटतात, निम्मं पाणी निम्मं इथेनॉल किंवा थोडं जास्त, आणि नंतर व्हॅक्यूममध्ये ४० डिग्रीच्या आसपास अल्कोहोल उडवून परत गोळा करतात म्हणजे रंग करपत नाही. पण हे घरात करायचं काम नाही बरं का. एक तर स्पिरिट घ्यायला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, १९४९ चा दारूबंदीचा कायदा, आणि ११ बायकांनी स्पिरिटचा परवाना मागितला तर गावात काय चर्चा होईल ते तुम्हीच समजा. दुसरं म्हणजे इथेनॉल ७८ डिग्रीला उकळतं आणि त्याची वाफ गॅसच्या शेगडीजवळ गेली की भडका. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, रिसर्च पेपरात बऱ्याच ठिकाणी मिथेनॉल वापरलेलं असतं, ते लॅबमध्ये मोजण्यापुरतं असतं, खाण्याच्या मालाला ते चालत नाही, त्याने डोळे जातात, माणूस मरतो. नेटवर वाचून कोणी पोरगं मिथेनॉलचा कॅन आणून अर्क काढायला बसलं तर? असलं काही छापताना कोणत्या द्रावकात काढायचं हे लिहिलंच पाहिजे, नुसतं "एक्स्ट्रॅक्ट करा" म्हणून चालत नाही.

केळीचं पण सांगते, कारण लेखाचा अर्धा भाग त्याच्यावर होता आणि जळगाव जिल्ह्यात केळीवर बोलल्याशिवाय आपलं कोणतंच बोलणं पूर्ण होत नाही. सालीत पॉलिफेनॉल असतात हे आपल्याला लॅबने सांगायची गरज नाही. केळीबागेत काम करणाऱ्याचे कपडे बघा, चिकाचे डाग धुवून निघत नाहीत, काळे पडतात ते कायमचे. कच्ची केळी सोलली की वेफर्सवाल्या बाया लगेच पाण्यात टाकतात, नाहीतर काळी पडते, तो तिच्यातला एंझाइम आणि फेनॉलचा हवेबरोबरचा खेळ. म्हणजे सालीतून काढायचं तर साल ताजी असतानाच, काळी पडायच्या आत, तिला वाफ देऊन तो एंझाइम मारावा लागतो. वेफर्सच्या कारखान्यामागे दोन दिवस पडलेला सालीचा ढीग उचलून कोणी अर्क काढतो म्हणाला तर त्याला हात जोडावे.

पण माझी शंका वेगळीच आहे. आपल्या केळीवर करपा रोगासाठी फवारण्या होतात, प्रोपिकोनॅझोल नावाचं बुरशीनाशक आणि मिनरल ऑइल, ते बसतं कुठे तर पानावर आणि थोडंफार सालीवर. आपण साल फेकतो म्हणून आजवर प्रश्न नव्हता. आता तीच साल किलोकिलोने घेऊन अल्कोहोलमध्ये काढून आटवून पावडर केली तर पॉलिफेनॉलबरोबर औषधाचा अंशही घट्ट होत येणार. डाळिंबाच्या सालीचंही तेच, तिच्यात प्युनिकॅलॅजिन नावाचं भारी पॉलिफेनॉल आहे म्हणून तिची फार चर्चा आहे, पण डाळिंबावर किती फवारण्या होतात ते साक्रीकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. म्हणून मला वाटतं आपला खरा माल म्हणजे सातपुड्यातलं रानचं जांभूळ, ज्याच्यावर कोणी काही फवारलेलं नाही. आणि नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे आमचूर करतात तिथल्या कैरीच्या कोयी. उन्हाळ्यात अख्खं कुटुंब कैऱ्या सोलत, कापत बसलेलं असतं, फोडी वाळवून व्यापाऱ्याला जातात, साली आणि कोयी मागे राहतात. कोयीच्या आतल्या गरात टॅनिन पण आहे आणि लोण्यासारखी चरबी पण आहे, सालीत मँगिफेरिन, तेही एक पॉलिफेनॉलच. त्या बायांना आमचुराचे जे पैसे हातात पडतात ते बघून वाटतं की इथे कोणीतरी नीट काम करायला हवं, चकचकीत टाकी न विकता.

नंदुरबारचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मला फार आवडली ती सांगू द्या, थोडं विषयांतर. व्हिटॅमिन सी पहिल्यांदा भरपूर प्रमाणात कशातून काढलं माहितीये का, मिरचीतून. हंगेरीत सेगेद नावाचं गाव आहे, तिथे लाल मिरची पिकते, आपल्या नंदुरबारसारखंच म्हणा. तिथले शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी, त्यांच्याकडे हा पदार्थ फार थोडा होता, प्राण्यांच्या ग्रंथींतून काढायला लागायचा. एका रात्री बायकोने जेवणात ताजी मिरची दिली, त्यांना खायची नव्हती, म्हणून उचलून लॅबमध्ये घेऊन गेले, आणि काही आठवड्यांत किलोच्या हिशोबाने व्हिटॅमिन सी हातात आलं. १९३७ चं नोबेल मिळालं त्यांना. आपल्याकडे नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरचीचे गालिचे अंथरलेले असतात, अवकाळी पाऊस आला की रंग जातो, भाव पडतो. त्या रंगाला कॅप्सॅन्थिन म्हणतात, तोही अँटीऑक्सिडंटच, कॅरोटिनच्या घराण्यातला, आणि त्याचं तेल, ओलिओरेझिन, काढणारे मोठे कारखाने केरळात आहेत. मिरची पिकवायची इथे आणि अर्क काढायचा तिथे, असंच चालायचं का? हा रंग तेलात विरघळणारा, त्याला पाण्याचा काही उपयोग नाही, तिथे हेक्झेनसारखं द्रावक किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड लागतो. त्या गॅसला ३१ डिग्री तापमान पुरतं, तेवढं तर आपल्याकडे मे महिन्यात रात्री पण असतं, पण दाब लागतो निदान ७४ बार, म्हणजे साध्या हवेच्या दाबाच्या साधारण तितके पट, प्रत्यक्षात दोनशे-तीनशेच्या घरात. ट्रकच्या टायरात आठच्या आसपास असतो. म्हणजे हे मशीन कोणी १ लाख ४० हजारात देत असेल तर समजून घ्या.

तर मला काय पाहिजे ते थेट सांगते. आम्हाला मशीनवरची सबसिडी नको असं नाही, २०२० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख ठेवलेत, आपल्या जिल्ह्याला त्यात केळी दिलीय, सगळं छान. पण मशीनच्या आधी आम्हाला मोजमाप पाहिजे. आमच्या पहिल्या खेपेला उकळायला लावल्यावर अर्ध्या तासाने कोणी सांगितलं असतं की रंग जायला लागलाय, तर ४० किलो जांभूळ वाया गेलं नसतं. आणि हे मोजणं अवघड नाहीच मुळी. अँथोसायनिन मोजायची साधी पद्धत आहे, एकच अर्क दोन बफरमध्ये, म्हणजे आंबटपणा ठरलेला राहणाऱ्या पाण्यात, पातळ करायचा, एक पीएच १ चा, खूप आंबट, दुसरा ४.५ चा, कमी आंबट, दोन्हीचा रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे रंग मोजायच्या यंत्रावर, बघायचा आणि फरक काढायचा. पहिल्यात रंग उघडतो, दुसऱ्यात मिटतो, करपलेला तपकिरीपणा मात्र दोन्हीकडे सारखाच राहतो म्हणून वजाबाकीत आपोआप उडून जातो. माझ्या ग्लासांच्या गमतीचंच हे शिकलेलं रूप. आमचा काळा काढा या टेस्टला बसवला असता तर भोपळा मिळाला असता, आणि तोच खरा निकाल होता.

हे यंत्र बी.एस्सी. शिकवणाऱ्या सिनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये असतं. माझ्या वेळेला पण होतं, वर कापड झाकलेलं, परीक्षेच्या आधी आठ दिवस उघडायचं. जळगावच्या विद्यापीठात केमिकल टेक्नॉलॉजीची अख्खी संस्था आहे. जून-जुलैत आठवड्यातला एक वार ठरवा, शंभर-दोनशे रुपये फी घ्या, आणि गटांना, शेतकऱ्यांना त्यांचे नमुने तपासून द्या, पोरांचं प्रॅक्टिकल पण होईल. कॉलेजच्या पोरांना दरवर्षी तेच तेच मीठ ओळखा करायला लावण्यापेक्षा जांभळात रंग किती हे काढू दे की. आमच्या घरचे म्हणतात, कॉलेजवाले तुला दारात तरी उभं करतील का. म्हटलं पेपरात छापून आलं तर करतील.

तुमच्याकडूनही एक मागणं आहे. यापुढे असा लेख छापाल तेव्हा लेखकाला चार गोष्टी विचारा, कशात काढलं, एक किलो फळातून हातात किती आलं, कोणत्या टेस्टने मोजलं आणि विकत कोण घेतं. किलोभर जांभळाच्या गरात रंग असतो एक-दोन ग्रॅमच्या हिशोबात, जांभळात पाणीच ऐंशी टक्क्यांच्या वर, हे एकदा छापलं की लाखो कमवा हे शीर्षक आपोआप गळून पडेल. आम्ही आता पावडरचा नाद सोडलाय, लिंबूसत घातलेला जांभळाचा गर आणि सरबत करतो, कमी तापवून, फूड लायसन्स काढलंय, लेबलवर औषध म्हणून एक शब्द लिहिलेला नाही, चोपड्यात आणि शिरपुरात बाटल्या जातात. नफा फार नाही पण हप्ता निघतो.

माझ्या फ्रीझरमध्ये सध्या ३ किलो गर आणि डब्यात सावलीत वाळवलेलं ५ किलो बी ठेवलंय, खास तपासायला म्हणून. जळगाव, धुळे, शिरपूर, कुठल्याही कॉलेजने हो म्हटलं तर मी थर्मासमध्ये बर्फ टाकून स्वतः एसटीने घेऊन येते, पेपरमार्फत कळवलं तरी चालेल. आणि हो, ते मशीन विकायचंय. टाकी चांगली आहे, आतला पाइप आणि व्हॉल्व्ह स्टीलचा टाकून घ्यावा लागेल, हे आधीच सांगून ठेवते.

आपली एक वाचक,
चोपडा तालुका, जि. जळगाव